आई, तू विचारलंस त्याचं उत्तर

६ जुलै २०२५, रविवार संध्याकाळ
डेडझा जिल्हा, मलावी

प्रिय आई, दादा, वहिनी आणि पोरं,

जय येशू!

मागच्या रविवारी फोनवर आई तू विचारलंस, बाबा गेले त्या रात्री तुझ्याजवळ कोण होतं गं, आणि मी "होते सगळे" एवढंच म्हणाले आणि नेटवर्क गेलं. खरं सांगू का, नेटवर्क गेलं नसतं तरी मला तेव्हा पुढे बोलता आलं नसतं. पाच महिने झाले, पण त्या रात्रीबद्दल मी तुमच्याशी एकदाही नीट बोललेले नाही. म्हणून आज बसून लिहितेय. दादा, तू आईला मोठ्याने वाचून दाखव, मोबाईलच्या छोट्या अक्षरांत तिला डोळे ताणायला लावू नकोस, आणि पत्र मोठं होणार आहे कारण "कोण होतं" याचं उत्तर द्यायचं तर ही माणसं कोण, माझा दिवस कसा जातो, हे सगळं आधी सांगायला लागेल. सहा वर्षं झाली मला इथे येऊन आणि फोनवर आपण तब्येत, पाऊस आणि "जेवलीस का" याच्या पुढे कधी गेलोच नाही.

आम्ही राहतो ते गाव डोंगराच्या खाली आहे, सरोवराच्या बाजूला. डेडझा शहर वर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १६०० मीटरवर, तिथे आत्ता जुलैत स्वेटर घालून लोक कुडकुडतायत, आणि तिथून घाट उतरून खाली आलं की हवा एकदम बदलते, सरोवराकाठची जमीन पाचशे मीटरच्या आसपास, गरम, दमट, आणि डास. मलावी सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे, पलीकडचा किनारा आमच्या इथून दिसतो तो फक्त स्वच्छ हवेच्या दिवशी, एका निळ्या रेघेसारखा. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही चौघी सिस्टर आहोत, दोघी इथल्याच, एक झांबियाची आणि मी. चॅपलच्या खिडकीतून तो घाट दिसतो. सकाळची प्रार्थना आम्ही चिचेवा भाषेत करतो पण ती संपली की मी दोन मिनिटं थांबते आणि बाबांचं आवडतं स्तोत्र १२१ मनातल्या मनात मराठीत म्हणते, डोंगरांकडे डोळे लावण्याचं ते. समोर खरेच डोंगर असतात. हे मी बाबांना सांगायला हवं होतं, राहून गेलं.

उठायची घंटा पावणेपाचला. प्रार्थना, चिंतन, फादर असतील तर मिस्सा, नसतील तर फक्त ख्रिस्तप्रसाद, मग चहा आणि साडेसातला हेल्थ सेंटर. आम्ही पोचतो तेव्हा बाहेर बाकड्यांवर साठ-सत्तर बायका पोरांना पाठीला बांधून बसलेल्या असतात, काही पहाटे तीनला घरून निघालेल्या, कुणी पायी कुणी कबाझावर. कबाझा म्हणजे सायकल टॅक्सी, मागच्या कॅरियरवर गादी लावलेली असते आणि त्यावर गरोदर बाईसुद्धा बसून येते, पोटात कळा चालू असताना, कच्च्या रस्त्यावरून. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. आता मी पाणी घेऊन पुढे धावते.

इथे आल्यावर मला पहिली गोष्ट शिकवली ती आमच्या सेंटरच्या सगळ्यात जुन्या नर्सबाईंनी. मी आपली पेशंट समोर आला की लगेच "काय होतंय, कधीपासून ताप आहे" असं सुरू करायचे, आपल्याकडे ओपीडीत करतो तसं, बाहेर रांग लागलेली असते ना. तीन दिवस त्यांनी बघितलं आणि चौथ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सिस्टर, तुम्ही तिला अजून बघितलंच नाही. इथे सकाळी भेटलं की विचारायचं "म्वाद्झुका ब्वांजी", म्हणजे तुम्ही कशा उठलात. समोरची म्हणणार "न्दाद्झुका ब्वीनो, काया इनू", मी बरी उठले, आणि तुम्ही? मग आपण सांगायचं. हे झाल्याशिवाय आजार, औषध, पैसे, काहीही बोलायला सुरुवात करायची नाही, ताप एकशे तीन असला तरी. मला वाटायचं यात वेळ जातो. पण आई, त्या "आणि तुम्ही" नंतर बाई जे सांगते ते पहिल्या प्रश्नाला कधीच सांगत नाही. पोराचा ताप ती पहिल्या प्रश्नाला सांगेल, नवरा चार महिने झाले साउथ आफ्रिकेला गेला आणि फोन येत नाही हे ती नंतर सांगते. आणि भाषेतला मान अगदी आपल्यासारखा आहे, लहानांना "इवे" म्हणजे तू, मोठ्यांना "इनू" म्हणजे तुम्ही, आणि मान द्यायचा तर नावाच्या आधी "अ" लावून अनेकवचन करतात. मला सगळे असिस्टेरी म्हणतात. इंग्रजीतून शिकणाऱ्या लोकांना हे मुद्दाम पाठ करायला लागतं, मला मराठीमुळे ते आपोआप आलं, एवढंच काय ते माझं भांडवल होतं पहिल्या वर्षी.

प्रत्येक पेशंटजवळ एक वही असते, तिला हेल्थ पासपोर्ट म्हणतात. जन्मापासूनचं सगळं त्यात. वजन, लसी, ताप, बाळंतपणं. कागद दवाखान्यात राहत नाही, माणसाजवळ राहतो, आणि बायका ती वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चितेंजेच्या गाठीत ठेवतात. चितेंजे म्हणजे ते दोन मीटरचं रंगीत कापड, कमरेला गुंडाळतात, त्यातच पोर बांधतात, त्यातच पीठ आणतात, थंडीत पांघरतात, आणि माणूस मेला की त्यातच गुंडाळतात.

पावसाळ्यात अर्ध्याहून जास्त पोरं मलेरियाची. बोटाला टोचून एक थेंब, पट्टीवर टाकायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, दोन रेघा आल्या की गोळ्या, तीन दिवसांत सहा डोस. पोर सुस्त असेल, आचके देत असेल तर इंजेक्शन आणि मोठ्या हॉस्पिटलला पाठवायची धडपड, गाडी मिळाली तर. २०१९ च्या एप्रिलमध्ये मलेरियाची लस आफ्रिकेत पहिल्यांदा ज्या देशात नेहमीच्या लसीकरणात द्यायला सुरुवात झाली तो हाच, मग घाना आणि केनिया. बाळाला चार डोस लागतात आणि चौथा वयाच्या दुसऱ्या वर्षी, तोपर्यंत आया विसरतात, म्हणून गुरुवारी मी आणि आमचा हेल्थ वर्कर सायकलवर वाड्यांमध्ये जाऊन वह्या तपासतो. कुणाच्या दारात गेलं की बाहेर उभं राहून "ओदी!" म्हणायचं, आतून "ओदीनी" आलं की मग आत. दार वाजवत नाहीत, बऱ्याच घरांना वाजवण्यासारखं दारच नसतं.

आणि एक गोष्ट मला या देशाबद्दल फार अभिमानाने सांगायचीय, जणू माझाच देश असल्यासारखा अभिमान. २०११ साली मलावीने जगात सगळ्यात आधी ठरवलं की गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली तर तिला लगेच औषध सुरू करायचं आणि आयुष्यभर द्यायचं. तोपर्यंत नियम असा की आधी रक्तातल्या पेशी मोजा, त्या अमुक आकड्याच्या खाली गेल्या तर औषध. पण पेशी मोजायचं मशीन खेड्यात कुठे असणार, रिपोर्ट येईपर्यंत बाई बाळंत होऊन जायची. म्हणून यांनी म्हटलं मशीनची वाट बघायची नाही. इतका गरीब देश आणि हा विचार त्यांना आधी सुचला, नंतर जगाने उचलला. माझ्याकडे आज सहावीत असलेली एक मुलगी येते तिच्या आईची औषधं न्यायला, ती त्याच काळातली, ती निगेटिव्ह आहे, पळत येते आणि पळत जाते. यावर्षी जानेवारीत अमेरिकेने परदेशातली मदत रोखली तेव्हापासून या कामातली काही माणसं कमी झालीयत, आम्ही उरलेल्या हातांनी ओढतोय, आणि मला रात्री झोप लागत नाही ती बहुतेक वेळा यामुळेच.

दादा, तू एकदा विचारलं होतंस की तिथे तर सगळे आधीच ख्रिस्ती आहेत मग मिशनरी कशाला? बरोबर आहे तुझं. २०१८ च्या जनगणनेत ७७ टक्के ख्रिस्ती, जवळजवळ १४ टक्के मुस्लिम. आमच्या सरोवराच्या पट्ट्यात मुस्लिम जास्त, आमचा रात्रीचा वॉचमन मुस्लिम आहे, रमजानमध्ये तो उपास सोडतो तेव्हा झांबियाची सिस्टर त्याला ताट नेऊन देते. मी इथे कुणाला ख्रिस्ती करायला आलेच नाही. रविवारी पंचवीस किलोमीटरवरच्या एखाद्या चॅपलला फादरबरोबर पिकअपच्या मागे बसून जाते तेव्हा माझ्यापेक्षा त्यांचीच श्रद्धा मला सांभाळते असं होतं. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, अशी वीसेक छोटी चॅपलं, फादर दोनच, म्हणजे एका गावाला दीड-दोन महिन्यांतून एकदा मिस्सा मिळते. बाकीचे रविवार कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारा गावातलाच माणूस, प्रार्थना चालवतो. तो शेतकरी असतो, त्याला पगार नसतो, बायबल आणि सायकल एवढंच. आणि घराघरांचे छोटे गट असतात, मिफाकाती म्हणतात, कोण आजारी, कुणाचं छप्पर उडालं, कुणाच्या घरात दोन दिवस चूल नाही हे सगळं त्या गटातल्या बायकांना आमच्या आधी माहीत असतं.

आमच्या म्हाताऱ्या कॅटेकिस्टने मला एकदा १९९२ ची गोष्ट सांगितली. तेव्हा एकपक्षी राज्य होतं, हेस्टिंग्ज बांडा आजन्म अध्यक्ष, कुणी चकार शब्द काढायचा नाही. ८ मार्च १९९२, प्रायश्चित्त काळातला पहिला रविवार, देशातल्या सगळ्या कॅथलिक चर्चमध्ये एकाच वेळी बिशपांचं पत्र वाचून दाखवलं. शाळांची अवस्था, दवाखान्यांची अवस्था, लोकांना बोलायची भीती वाटते, सगळं त्यात स्पष्ट. हा तेव्हा तरुण होता. म्हणाला, वाचून झाल्यावर एक मिनिट कुणी श्वास घेतला नाही आणि मग मागच्या बाकावरून एका म्हातारीने जीभ हलवून ती आनंदाची किलकारी दिली, लग्नात देतात तशी, आणि अख्खं चर्च टाळ्या वाजवायला लागलं. बिशपांना पोलिसांनी चौकशीला नेलं, पत्र जवळ बाळगणं गुन्हा ठरला, लोकांनी ते मक्याच्या कणग्यांत लपवलं. पुढच्या वर्षी १४ जूनला सार्वमत झालं आणि १९९४ मध्ये निवडणूक. आता सप्टेंबरमध्ये परत निवडणूक आहे, रोज लाउडस्पीकरच्या गाड्या फिरतात, आणि आज तर ६ जुलै, स्वातंत्र्यदिन, सकाळपासून ढोल चालू आहेत. तो कॅटेकिस्ट मिस्सानंतर मला म्हणाला की पत्र लिहिणं हे मोठं काम आहे सिस्टर. मी म्हटलं आज मीही एक लिहिणार आहे.

पण मिशनऱ्यांनी इथे सगळं चांगलंच केलं असं मी म्हणणार नाही. लिव्हिंग्स्टन १८५९ मध्ये या सरोवरापर्यंत आला, १८७५ मध्ये स्कॉटलंडच्या लोकांनी केप मॅक्लिअरला पहिलं मिशन काढलं, तिथे त्यांच्या कबरी आहेत, मी बघून आले, पोरं होती हो ती, एकेक दोन-दोन वर्षांत मलेरियाने गेलेली. त्यांच्यापुढे मी मान खाली घालते. आमच्या कॅथलिक लोकांचं मुआ मिशन १९०२ चं, आमच्यापासून दीड-दोन तासांवर. पण चेवा लोकांचा मुखवट्यांचा नाच आहे, गुले वाम्कुलू, म्हणजे मोठा नाच, मयताला आणि वर्षश्राद्धासारख्या विधीला ते मुखवटेवाले येतात, पूर्वज परत आले असं मानतात. जुन्या मिशनऱ्यांनी तो सैतानाचा म्हणून टाकला, त्यात जाणाऱ्यांना चर्चमधून काढलं, घराघरांत भांडणं लागली. त्याच मुआमध्ये १९७६ मध्ये एका फादरने कलाकेंद्र काढलं, म्हाताऱ्यांकडे बसून त्या मुखवट्यांचे अर्थ विचारून घेतले, आज तिथे म्युझियममध्ये भिंतभर मुखवटे आहेत आणि प्रत्येकामागे एक शिकवण, लोभी माणूस, बायकोला मारणारा माणूस, आणि २००५ मध्ये युनेस्कोने त्या नाचाला मान दिला. जे फेकलं ते सत्तर वर्षांनी परत हात जोडून मागायला लागलं. मी नवीन सिस्टरना सगळ्यात आधी तिथे घेऊन जाते.

कागदांचं थोडक्यात सांगते कारण वहिनीने विचारलं होतं. वर्क परमिट दर दोन वर्षांनी, इथल्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, त्यासाठी वर्षभर खेपा घातल्या होत्या. पगार माझ्या हातात येत नाही, कॉन्व्हेंटच्या एकाच डब्यात सगळं जातं आणि त्यातून साबण, डिझेल, मच्छरदाण्या. इथल्या पैशांचं नाव मात्र मला फार आवडतं, क्वाचा म्हणजे पहाट झाली, आणि त्याचे शंभर भाग म्हणजे तांबाला, तांबाला म्हणजे कोंबडा. आता कोंबड्याची नाणी कुठे दिसत नाहीत, महागाईत ती विरून गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाची किंमत एका झटक्यात इतकी उतरवली गेली की डॉलर ४४ टक्क्यांनी महागला आणि त्या महिन्यात आमचा डबा पंधरा तारखेलाच रिकामा झाला. बाजारात मला सुरुवातीला सगळे विचारायचे तुमचं दुकान कुठेय, कारण इथे भारतीय म्हणजे दुकानदार, पिढ्यान्पिढ्या. आता विचारत नाहीत.

आता त्या रात्रीकडे येते.

२०२४ च्या सुरुवातीला इथे पाऊसच पडला नाही, एल निनोचं वर्ष होतं, मका कमरेएवढा होऊन उभा जळला. मार्चमध्ये २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली. इथे वर्षातून एकच पीक, एप्रिलमध्ये निघतं, आणि चांगल्या वर्षातही जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे न्जाला, भूक, तो शब्दच त्या महिन्यांचं नाव आहे. कणगी संपलेली, नवीन मका शेतात हिरवा, आंबेही संपलेले. आणि यावर्षीच्या न्जालाला आधीचं पीकच नव्हतं. मलेरियाच्या गोळ्या पोटात काहीतरी तेलाचं असेल तर नीट लागू पडतात, मी प्रत्येक आईला तेच सांगायचे, काहीतरी खायला घालून मग गोळी दे, आणि जानेवारीत एका बाईने माझ्याकडे नुसतं बघितलं. काही बोलली नाही. त्या दिवसापासून आम्ही गोळ्यांच्या खिडकीपाशी शेंगदाण्याची पेज ठेवायला लागलो, वाटीभर, तिथेच खायची आणि तिथेच पहिली गोळी.

दवाखान्याच्या मागे एक शेड आहे, तिथे पेशंटची माणसं राहतात, त्यांना इथे गार्डियन म्हणतात. पेशंटला जेवण दवाखाना देत नाही, गार्डियन तीन दगड मांडून न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शिजवते, पेशंटला भरवते, अंग पुसते, रात्री कॉटखाली चटईवर झोपते. बाळंतपणाच्या आधी दोन-तीन आठवडे येऊन राहिलेल्या बायका असतात, त्यांच्याबरोबर आई किंवा आजी असते. आजीला अगोगो म्हणतात. त्यातली एक अगोगो जवळजवळ कायमचीच आमच्याकडे आहे, आधी नातीबरोबर आली, मग सुनेबरोबर, मग कुणाचीच नसलेल्या पोरींबरोबर थांबायला लागली. तिला कुणी नेमलेलं नाही. जिच्याजवळ कोणी नाही तिच्याजवळ ती जाऊन बसते, एवढंच करते.

त्या दिवशी दादाचा फोन आला तेव्हा मी लसींच्या फ्रिजसमोर उभी होते. आमच्या प्रोव्हिन्शियल सिस्टर, म्हणजे आमच्या संघाच्या इथल्या प्रमुख, म्हणाल्या आत्ता निघ, पण लिलाँग्वेला जायचं, तिथून आदिस अबाबा, तिथून मुंबई, कितीही केलं तरी दीड दिवस, आणि बाबांना तोवर ठेवता येणार नव्हतं. दफनाची वेळ तुमच्याकडे दुपारचे चार, माझ्याकडे साडेबारा. मी फोन घेऊन टेकडीवर गेले कारण तिथे नेटवर्क धरतं. दादा, तू फोन वर धरला होतास, मला शवपेटी दिसली, आईचं डोकं दिसलं, फादरांचा आवाज आला, आणि "मातीला माती" च्या आधीच चित्र थांबलं. थांबलं ते थांबलंच. मी परत परत लावत होते. त्या थांबलेल्या चित्रात वहिनीचा हात होता आईच्या खांद्यावर, तो मी किती वेळ बघत बसले मला माहीत नाही.

खाली आले आणि कुणाला काही सांगितलं नाही, ओपीडी पूर्ण केली. तुम्हाला वाटेल हिने हे काय केलं, पण मला दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. आमच्या सिस्टरांनी फक्त त्या जुन्या नर्सबाईंना सांगितलं होतं.

संध्याकाळी सहानंतर अंधार पडला, पाऊस भुरभुरत होता, आणि बाहेरून आवाज आला, "ओदी!" दार उघडलं तर व्हरांड्यात बायका. डोक्यावर चितेंजे घेतलेल्या, काखेत चटया. पुढे ती अगोगो. मला वाटलं कुणीतरी पेशंट आणलाय, मी चप्पल शोधायला लागले तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "पेपानी, असिस्टेरी." पेपानी म्हणजे माफ करा, पण ते आपल्या माफ करा सारखं नाही, कुणाला ठेच लागली तरी म्हणतात, तुमची चूक असो नसो. तुला लागलं ते मला दिसलं, असा त्याचा अर्थ मी लावते. मग एकेक जण येऊन तेच म्हणत गेली आणि चटई टाकून बसत गेली. मी म्हटलं माझे वडील इथे नाहीत, त्यांचं सगळं झालं, पाऊस आहे, तुम्ही घरी जा. आमच्या इथल्याच सिस्टरने मला दंडाला धरून खाली बसवलं, म्हणाली, हे मलिरो आहे, तू आज यजमान नाहीस, तू फक्त बस.

मलिरो म्हणजे मयत. इथे मयत झालं की गावातलं शेतावरचं काम थांबतं, बायका त्या घरात येऊन रात्रभर बसतात, पुरुष बाहेर शेकोटीजवळ. कुणी फार बोलत नाही, सांत्वन करत नाहीत. गातात. व्हरांड्यात चाळीस-पन्नास बायका असतील, त्यांत दवाखान्याच्या शेडमधल्या गार्डियन होत्या, पोटुशा बायका भिंतीला टेकून बसलेल्या, डोक्याला ओढणी बांधलेल्या मुस्लिम बायकाही होत्या, आणि अंगणात तो कॅटेकिस्ट, वॉचमन आणि पाच-सहा पुरुष. एकीने गाणं उचललं की बाकीच्या खालच्या सुरात धरायच्या, ते संपत आलं की दुसरी उचलायची. मी मध्ये कधीतरी रडले, मोठ्याने रडले आई, आणि कुणी मला गप्प केलं नाही. गाणं जरा मोठं केलं त्यांनी, बस. मग मध्यरात्रीनंतर अगोगोने विचारलं तुझ्या वडिलांचं नाव काय, मी सांगितलं, आणि त्यांनी ते नाव त्यांच्या गाण्यात घातलं. बाबांचं नाव त्यांच्या तोंडी जरा वेगळं येत होतं, शेवटी एक स्वर लांबवून. रात्रभर ते नाव त्या पावसात चालू होतं.

आणि हे आई तुला मला खास सांगायचंय. प्रत्येक बाई येताना एक वाटी, कुणी ताटली, त्यावर कापड टाकून काहीतरी आणत होती आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवत होती. मयताच्या घरी तसं न्यायचं असतं. सकाळी उजाडल्यावर मी स्वयंपाकघरात गेले तर आमच्या मोठ्या परातीत उफा होता, मक्याचं पीठ. फेब्रुवारीत. ज्या बाईने मला जानेवारीत नुसतं बघितलं होतं तीही रात्री आली होती, तिची ताटली मला ओळखता आली, निळ्या काठाची, एका बाजूने टवका गेलेली. तिने मूठभर आणलं होतं. मी सिस्टरला म्हटलं हे परत देऊ या, त्यांच्या घरी पोरं उपाशी आहेत. ती म्हणाली परत दिलंस तर तू त्यांना सांगशील की तू त्यांची नाहीस. मग आम्ही ते सगळं पीठ एकत्र शिजवलं, मोठ्या पातेल्यात न्सिमा केला, सरोवरातले वाळवलेले छोटे मासे होते ते केले, आणि सगळ्यांनी तिथेच खाल्लं, पोरांसकट. अगोगोने माझ्या हातांवर पाणी घातलं. इथे जेवायच्या आधी एकजण दुसऱ्याच्या हातावर पाणी घालतं. त्या दिवशी मला घालू दिलं नाही, माझ्याच हातावर घातलं.

तर आई, त्या रात्री माझ्याजवळ हे होते. मी एकटी नव्हते. तू मनात ते धरून बसली आहेस की पोरगी परक्या देशात एकटी रडली असेल, ते काढून टाक. माझी खंत दुसरी आहे, की तुझ्याजवळ मी नव्हते. ती राहणार, आणि मी ती रोज मिस्सामध्ये ठेवते. पण दादा-वहिनी होते, तो खांद्यावरचा हात मी बघितलाय. वहिनी, त्या हाताचं ऋण माझ्यावर आहे.

माझी घरी यायची रजा पुढच्या वर्षी मेमध्ये आहे, तिकिटाचं डिसेंबरात कळेल.

आणि एक काम आहे. अगोगोला तुझ्याशी बोलायचंय. ती पण दोन वर्षांपूर्वी विधवा झाली, आणि तिला कळलं की माझी आई फोनवर असते तेव्हापासून ती माझ्या मागे लागलीय. पुढच्या रविवारी मी पाचला तिला टेकडीवर घेऊन जाणार आहे, म्हणजे तुमच्याकडे साडेआठ, प्रार्थना आटपून बसा. ती तिच्या भाषेत बोलेल, तू आपली मराठीत बोल, मी मध्ये आहेच. पण सुरुवातीला ती विचारेल "म्वास्वेरा ब्वांजी", संध्याकाळी असं विचारतात, तुमचा दिवस कसा गेला. तेवढं उत्तर तिच्या भाषेत दे, तिला फार आवडेल. न्दास्वेरा ब्वीनो, काया इनू. दादा, आईकडून दोन-तीनदा म्हणून घे. आणि दिवस बरा गेला नसेल तर तेही सांग आई, ती घाई करणार नाही.

तुझी लेक